ऋगुताईच्या जागेवर बसलेली

सगळ्यात आधी सांगते, ही गोष्ट खरी आहे.

हो, माहितेय मला. इथे प्रत्येकजण हेच म्हणतो. मी स्वतः अशा गोष्टी वाचते तेव्हा पहिल्या ओळीलाच "चल, काहीही!" म्हणते. पण ही माझ्या मावसबहिणीची गोष्ट आहे आणि तिने स्वतः मला सांगितलीये. ती थापा मारत असती तर मला कळलं असतं. तिच्या थापा मी लहानपणापासून ओळखते.

अजून एक. यात रात्र नाही. अमावस्या नाही, टिटवी नाही, कुत्रंसुद्धा रडत नाही.

शनिवारची दुपार होती. नोव्हेंबरचं लख्ख ऊन. जवळच कोणीतरी लॉन कापत होतं, इतकी साधी दुपार.

जागा... ऑकलंडमधलं मनुरेवा. माझ्या मावशीच्या शेजाऱ्यांचं गॅरेज.

बास. आता ऐका.

ऋगुताई म्हणजे ऋग्वेदा. शाळेच्या शेवटच्या वर्षाला. विभावरी मावशी फार्मसीत कामाला, काका आठवडाभर वेलिंग्टनला, त्यामुळे घरात बहुतेक वेळा मायलेकीच.

ऋगुताईबद्दल एकच गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. तिला 'नाही' म्हणता यायचं नाही. वाईट मुलगी नाही हं, उलट गोड! कोणी काही मागितलं, कुठे बोलावलं, की हिचं ठरलेलं. "हो हो, नक्की! येईन ना! करू की!"

आणि मग जायची नाही. करायचीही नाही.

आता आपल्याकडे हे सगळेच करतात. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेली प्रत्येक काकू "या एकदा घरी" म्हणते, आणि प्रत्येकजण "येऊ ना, निवांत येऊ" म्हणतो. कोणी जात नाही. कोणी वाटही बघत नाही. बोलायची पद्धत आहे ती.

ऋगुताईची जरा जास्तच होती, इतकंच.

शेजारचं कुटुंब किरिबाटीचं. प्रशांत महासागरात ठिपक्याएवढ्या बेटांचा देश आहे तो. लिहितात किरिबाटी, म्हणतात किरिबास. हे तेबोराने ऋगुताईला पहिल्याच भेटीत ठणकावून सांगितलं होतं. तेबोरा म्हणजे त्या घरातली मुलगी, ऋगुताईच्याच वर्गातली, जन्म इथलाच. तिच्या घरी आईबाबा, एक भाऊ, रोटिया मावशी, आणि आजी. आजीला ते 'तिबू' म्हणायचे. ऋगुताईपण तिबूच म्हणायला लागली.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी लागलीच नाही. आत सगळीकडे केवड्यासारख्या पानांच्या विणलेल्या चटया. एका भिंतीला भला मोठा फ्रीजर, त्यात मासे. शटर कायम अर्धं वर. आणि मधल्या चटईवर तिबू. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे तिला तिथून. ती पायांवरून माणसं ओळखायची.

"मौरी," ऋगुताईचे जांभळे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दिसले की ती आतून म्हणायची. मौरी म्हणजे नमस्कार.

"मौरी, तिबू!"

तिबूकडे एक दोरी होती. दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली. ती बोटांत अडकवून ती आकार करायची. होडी, जाळं, तारा, खेकडा. एकीने आकार धरायचा, दुसरीने त्यात बोटं घालून तो आपल्या हातांवर उचलून घ्यायचा, की नवा आकार. घरातल्या कुठल्याच मुलीला ते शिकायचा धीर नव्हता. तेबोरा तर सरळ म्हणायची, "बोअर आहे यार ते." पण ऋगुताईची बोटं मेंदी काढून काढून तयार झालेली. तिला भराभर जमायला लागलं. तिबूचा सगळा चेहरा हसायचा.

तिबू सांगायची, माणूस गेला की त्याच्या वाटेवर एक म्हातारा बसलेला असतो. त्याच्यासमोर हे आकार एकामागून एक करून दाखवायचे. पुरे झाले की तो पुढे सोडतो. म्हणून त्यांच्या घरात कोणी गेलं की दोघीजणी जवळ बसून दोरी धरतात. गेलेल्याला आठवण राहावी म्हणून.

"आणि अर्धवट राहिले तर?" ऋगुताईने विचारलं होतं.

तेबोराने तिबूला विचारून सांगितलं. "तर कोणीतरी मधेच अडकून बसतं."

मग तो दिवस.

आकार अर्धा झाला होता. दोरी दोघींच्या हातांवर ताणलेली. तिबू मधेच थांबली. तिने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. सावकाश. ऋगुताईच्या डोळ्यांत बघत.

तेबोरा फ्रीजरवर बसून आइसकँडी चोखत होती. तिचं चोखणं थांबलं.

"काय म्हणतेय गं?"

"म्हणतेय, मी गेले की येशील का? माझ्यासमोर बसून दोरीची एक बाजू धरायला."

"हो, नक्की!"

"थांब ना, येडी," तेबोरा म्हणाली. "हे साधं विचारणं नाहीये. बुबुती म्हणतात याला. आपल्या माणसाने असं मागितलं ना, की आमच्यात नाही म्हणता येत नाही. आणि हो म्हटलं की..."

"की काय?"

"की द्यायचं. विषय संपला. विचार करून बोल."

"अगं, येईन ना! त्यात काय एवढं!"

तिबूने डोळे मिटले. खूप दिवसांचं ओझं उतरल्यासारखी हसली. आणि दोरी ऋगुताईच्या हातांवर सोडून दिली.

परीक्षा सुरू झाल्या, आणि तिबू गेली.

झोपेतच. फ्युनरलवाल्यांकडून त्यांनी तिला परत घरी आणलं, गॅरेजमध्येच ठेवलं. गवतावर गाड्याच गाड्या. बायका आपल्या रंगीत झालरीच्या ब्लाउजमध्ये, डोक्यावर फुलं. गाणी... तीन-चार आवाजांत एकदम गातात ते. ऋगुताईच्या खिडकीच्या काचेला हात लावला तर काच थरथरायची.

"जाऊन येऊ का गं आई?"

"उद्या पेपर आहे ना?" मावशी म्हणाली. "आणि ऋगु, आपण परकी माणसं. त्यांच्या दुःखात मध्ये मध्ये करायचं नाही. सगळं झालं की मी भेटून येईन."

ऋगुताईला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. तिने आजवर मेलेलं माणूस पाहिलं नव्हतं.

दुपारी तेबोरा कुंपणाशी आली. डोळे सुजलेले.

"चल ना. रोटिया मावशी एक बाजू धरून बसलीये. तुझी जागा रिकामी ठेवलीये आम्ही."

"आलेच! केमिस्ट्रीचा एवढा चॅप्टर झाला की लगेच."

"नक्की?"

"हो गं, नक्की!"

तिने पडदा ओढला. हेडफोन लावले.

ती गेली नाही.

नंतर एकदा गाणी थांबली. शव न्यायची ती काळी लांब गाडी आली आणि गेली. मग सगळ्या गाड्या गेल्या. ऋगुताईने पडद्याच्या फटीतून बघितलं आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

पुढच्या आठवड्यात दारावरची बेल वाजली. रोटिया मावशी होती. हातात मोठं ताट, नारळाच्या दुधातला भात आणि मासा.  आता ओरडणार, ऋगुताईला वाटलं. नाहीतर रडणार.

रोटिया मावशीने ताट खाली ठेवलं आणि तिला घट्ट जवळ घेतलं.

"थँक यू, बेबी."

"...कशाबद्दल?"

"तू आलीस."

ऋगुताईला कळेचना.

"सबंध दुपार माझ्यासमोर बसलीस," रोटिया मावशी म्हणाली. डोळ्यांतून पाणी. "मान वर नाही केलीस. पाणीसुद्धा नाही घेतलंस. आमच्या मुलींना जे येत नाही, ते सगळे आकार पुरे केलेस. तिबू नीट गेली. तुझ्यामुळे."

मागे विभावरी मावशी येऊन उभी होती. तिने ऋगुताईकडे पाहिलं. कधी गेली होतीस?

ऋगुताईने तोंड उघडलं. सांगायचं होतं, की मी आलेच नव्हते. मी पडदा लावून बसले होते.

पण समोरची बाई रडत होती. एवढे आभार मानत होती. आणि तोंडातून आपोआप, नेहमीसारखं, गोड...

"नो वरीज! त्यात काय एवढं."

आणि तेव्हाच...

टण्ण.

ताणलेल्या दोरीला कोणीतरी बोट लावावं तसा आवाज. शेजारच्या गॅरेजमधून.

रोटिया मावशीला तो ऐकू आला नाही. विभावरी मावशीलाही नाही.

खोलीत जाऊन ऋगुताईने तेबोराला मेसेज केला. 'त्या दिवशी तू मला पाहिलंस?'

'ऑफ कोर्स. तुझ्या मागेच बसले होते. हाक मारली, तू बघितलंच नाहीस. आणि तुझे हात किती गार होते!'

'मग मी गेले कधी?'

बराच वेळ नुसते टिंब टिंब येत राहिले. तेबोरा लिहीत होती. खोडत होती.

मग उत्तर आलं.

'तेच आम्ही बोलत होतो. तुला उठताना कोणीच पाहिलं नाही.'

त्यानंतर ऋगुताईचे हात वर यायला लागले.

म्हणजे, ती जेवत असायची, आणि हात ताटावरून आपोआप उचलले जायचे. छातीसमोर. बोटं फाकलेली. समोरचं कोणीतरी काहीतरी घालणार असल्यासारखी. बसमध्ये झालं. पेपर लिहिताना झालं, सुपरवायझर बाई जवळ येऊन म्हणाल्या, "काही हवंय का?"

सकाळी उठली की बोटांच्या पेरांवर बारीक वळ असायचे.

दोरीचे.

"जास्त लिहिलंस, म्हणून," मावशी म्हणाली आणि मलम लावून दिलं.

आता तो शनिवार.

रोटिया मावशीचं ताट परत करायचं होतं. आता तुम्हाला माहितेय, आपल्याकडे शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मावशीने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या.

"ऋगु, देऊन ये गं."

"तूच जा ना."

"माझे हात पिठाचे आहेत. घरी कोणी नसेल तर गॅरेजमध्ये ठेवून ये, फ्रीजरवर. दोन मिनिटांचं काम, त्यात काय!"

ऋगुताई "हो" म्हणाली. काय करणार? तिला दुसरं येतच नव्हतं.

शेजारी कोणी नव्हतं. गाडी नव्हती. सगळे कुठेतरी बाहेर गेले असणार. शटर अर्धं वर होतं. तिबू असताना असायचं, तेवढंच.

ती वाकून आत गेली.

ताट फ्रीजरवर ठेवलं. फ्रीजर घुर्र करत होता. बाहेर लॉन कापायचं मशीन चालू होतं. सगळं ठीक. वळून दोन ढांगांत बाहेर पडायचं, बस.

मशीनचा आवाज थांबला.

मग फ्रीजरचाही.

बंद पडले नव्हते ते. फ्रीजरचा दिवा चालू होता, त्यावर हात ठेवला तर थरथर लागत होती. फक्त... ऐकू येत नव्हतं.

ती वळली.

शटर खाली येत होतं. काहीही आवाज न करता. उन्हाची पट्टी बारीक होत चालली होती, हातभर, वीतभर, बोटभर...

गेली.

आणि मधल्या चटईवर कोणीतरी बसलेलं होतं.

पाठमोरं. मान खाली. अंगात ऋगुताईच्या शाळेची जर्सी. चटईच्या कडेला काढून ठेवलेले जांभळे जँडल्स.

ऋगुताईने आपल्या पायांकडे पाहिलं. जांभळे जँडल्स तिच्याही पायांत होते.

"तिबू?" ती कशीबशी म्हणाली.

त्या आकृतीने मान हलवली. नाही.

मग समोरच्या रिकाम्या जागेवर हात थापटला. दोनदा. आपण पाहुण्यांना बसायला सांगतो ना, तसं.

"आलीस?" ती म्हणाली. मराठीत. ऋगुताईच्याच आवाजात. "बस ना."

ऋगुताई शटरकडे धावली. खालच्या फटीत बोटं घातली. पत्रा हललाही नाही. तिने लाथा मारल्या, थपडा मारल्या. पत्र्याला लाथ मारल्यावर केवढा आवाज होतो! काहीच झाला नाही. कापसाला मारावं तसं.

मागून तोच आवाज. गोड. हसरा.

"येईन ना! त्यात काय एवढं."

मग, "आलेच, एवढा चॅप्टर झाला की."

मग, "नो वरीज."

ऋगुताईचे एकेक शब्द. तिच्याच सुरात. घरात कोणी आपलं रेकॉर्डिंग लावावं तसे.

"मी... सॉरी. मी यायला हवं होतं. मला माफ कर. मला जाऊ दे."

"हो हो," ती म्हणाली. "नक्की."

आणि ऋगुताईचे हात वर आले.

पायही तिचे राहिले नाहीत. ती चटईवर आली, गुडघे मुडपले, ती बसली. समोरच्या मुलीची मान खालीच. केस पुढे आलेले. तोंड दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त हात, डाव्या अंगठ्यावर पुस्तकाच्या पानाने कापल्याची खूण.

तीच खूण ऋगुताईच्या अंगठ्यावर होती. कालची.

दोरी हातांवर आली. गार. ओली असल्यासारखी.

ऋगुताईने विचार केला, आकार पुरे केले की सुटका. तिबू तसंच म्हणायची ना? मला येतात सगळे. करून टाकू. होडी. जाळं. तारा. ती रडत रडत बोटं घालत होती, उचलत होती, देत होती. समोरचे हात चुकत नव्हते. तिचेही चुकले नाहीत.

खेकडा. लाट. वाट.

आणि शेवटी दोरी ऋगुताईच्या हातांवर राहिली. सगळीच. समोरचे हात मोकळे झाले.

समोरची मुलगी उठली.

पाय आखडल्यासारखे झटकले. जर्सी खाली ओढली. जँडल्समध्ये पाय सरकवले. खूप वेळ बसून राहिलेल्या माणसासारखी पाठ ताणली.

शटर वर गेलं. ऊन आत आलं. त्या उन्हात पहिल्यांदा तिचं तोंड दिसलं. ऋगुताई सांगते, आरशात दिसतं त्यापेक्षा ते जास्त बरं दिसत होतं. शांत.

"येते हं," ती म्हणाली. आणि वाकून बाहेर गेली.

ऋगुताईला उठता आलं नाही.

तिने जोर लावला. ओरडली. घसा फाटेपर्यंत ओरडली. कुंपणापलीकडून मावशीचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"ठेवलंस का गं ताट?"

"हो आई, ठेवलं."

"बरं झालं. हात धू आणि ये, गरम आहेत पुऱ्या."

दार लागलं.

आणि हळूहळू, फ्रीजरची घुरघुर परत ऐकू यायला लागली.

तेबोराचे घरचे आले. तेबोराचा भाऊ आत आला, फ्रीजर उघडला, मासा काढला, ताटातली एक पुरी तोंडात टाकली. ऋगुताई त्याच्यासमोर होती. हात वर धरून. तिने त्याला नावाने हाका मारल्या. तो शिट्टी वाजवत होता. जाताना मात्र मधल्या चटईला वळसा घालून गेला. का ते त्याला स्वतःलाही माहीत नसणार.

रोज कोणी ना कोणी येतं. कोणी त्या चटईवर पाय ठेवत नाही. कोणी बघत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग हे तुला कोणी सांगितलं?

ऋगुताईने. फोनवर.

रविवार होता, भरदुपार. मी ऑकलंडमध्येच, हिल्सबरोला आमच्या घरी, माझ्या खोलीत लोळत होते. स्क्रीनवर तिचं नाव, तिचा जीभ काढलेला फोटो. मी म्हटलं, "बोल गं बाई!" आणि ती बोलायला लागली. भराभर. मध्ये श्वास न घेता. आवाज घुमत होता, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. मी आधी हसले. मग हसायची थांबले.

"श्रियू, कोणाला तरी सांग. आईला सांग. ती मी नाहीये, एवढंच सांग."

"ताई, तू आहेस कुठे आत्ता?"

"सांगितलं ना! उठता येत नाहीये मला. श्रियू, तू ये. येशील ना?"

तेवढ्यात आमची बेल वाजली.

आईने दार उघडलं. "अगंबाई, विभा! न कळवता? आणि ही बघ, ऋगु! किती दिवसांनी आलीस गं!"

"तुम्हाला म्हटलं होतं ना मावशी, परीक्षा झाली की येईन," बाहेरच्या खोलीतून ऋगुताई म्हणाली.

माझ्या कानाला फोन होता. त्यात श्वास चालू होता.

मी तशीच बाहेर गेले. ती सोफ्यावर बसली होती. तिचा फोन समोर टेबलावर, उपडा. तिने माझ्याकडे पाहिलं. इतकं शांत हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"कोणाशी बोलतेयस, श्रियू?"

कानात आवाज आला... टण्ण.

फोन कट झाला.

मी पुढच्या शनिवारी मनुरेवाला गेले. बसने, एकटी. माझी टरकली होती, पण गेले. तेबोराला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती पांढरी पडली.

आम्ही शटर वर केलं. आत कोणी नव्हतं. नुसतं गॅरेज. कडेने चटया गुंडाळून उभ्या केलेल्या. मधली एकच पसरलेली.

"ही का नाही उचलली?" मी विचारलं.

"बाबांनी दोनदा उचलून बघितली," तेबोरा हळूच म्हणाली. "तू बघ."

मी एका कडेने गुंडाळायला लागले. हलकी होती, पानांचीच तर होती. मधोमध आल्यावर अडकली. मी ओढली. तेबोराने ओढली. दोघींनी मिळून ओढली.

कोणी बसलेलं असलं की सतरंजी जशी अडकते, तशीच.

मी तिथे हवेत हात फिरवले. काही लागलं नाही. मी म्हटलं, "ताई, मी आले." काही ऐकू आलं नाही. पण माझ्या समोरची हवा गार होती, आणि बाहेर तर कडक ऊन होतं.

मी मावशीला सांगितलं. तिने मला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, हिला मोबाइल कमी द्या.

आणि खरं सांगू? सगळे खूष आहेत. कारण ही जे म्हणते ते करते. ऋगुताईने कधीकाळी कोणाकोणाला 'हो' म्हटलं होतं, ते हिला सगळं माहितेय. मंडळातल्या विश्वनाथ आजोबांना फोन वापरायला शिकवून आली. नीलिमा काकूंच्या बाळाला सांभाळून आली. लायब्ररीतल्या बाईंना मदत करून आली. एकेका घरी जाते. बसते. मान खाली घालून काम पुरं करते. पाणीसुद्धा मागत नाही.

"परीक्षेनंतर किती शहाणी झाली पोर," सगळे म्हणतात.

फक्त एकदा, परवा, फोनवर विभावरी मावशीचा आवाज खाली गेला. मी दुसऱ्या फोनवरून ऐकत होते. ती आईला म्हणाली, "ताई, वेडी म्हणशील मला. पण ही पानात वाढलेलं सगळं खाते गं. कारलंसुद्धा. मला रोज वाटतं, कोणाची तरी मुलगी आपल्याकडे राहायला आलीये."

मग ती स्वतःच हसली. आईपण हसली.

मला वाटलं होतं, निदान मी सुरक्षित आहे.

पण आज सकाळी आमची बेल वाजली. ती उभी होती. बॅग घेऊन.

"तू पुण्याहून इथे आलीस तेव्हा लहान होतीस," ती मला म्हणाली. "रोज रडायचीस. म्हणायचीस, ताई, तू माझ्याच खोलीत राहा ना, कायमची. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. आता आठवतंय.

"मी हो म्हटलं होतं," ती म्हणाली.

आई केवढी खूष! लगेच स्टोअरमधून जुना पलंग काढला, चादर घातली. आत्ता दुपार आहे. मी हे टेबलाशी बसून लिहितेय. खोलीचं दार बंद आहे, तिने लावलं. ती पलंगावर बसलीये. मान खाली. माझा मोबाइल तिच्या उशीपाशी वाजतोय, स्क्रीनवर तो जीभ काढलेला फोटो दिसतोय, आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीये.

तिने मला इतकंच विचारलंय, "श्रियू, मी इथे राहू ना?"

मी अजून काही बोललेले नाही.

ती वाट बघतेय.